सुरळीची लाल रेघ

आमच्या कारखान्यात आलेल्या माणसाला सगळं दाखवतात. मेणाची मूर्ती कशी घडवतात, तिच्यावर मातीचे लेप कसे देतात, मेण वितळवून त्या जागी तांबं कसं ओततात, सगळं. पण तयार मूर्तीच्या पोटात काय भरतात, ते कुणालाच दाखवत नाहीत. आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. त्याला मी काय करणार? चौकशा करायची खोड मला लहानपणापासून आहे. लग्न झाल्यावर ती कमी होईल असं माझ्या आईला वाटत होतं. घर असं मिळालं की ती दुप्पट झाली.

खाली कारखाना, वर आम्ही चौघं. सासरे मुख्य कारागीर, सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. नवरा ओतकाम करतो. माझ्याकडे घासकाम. मूर्ती मातीतून फोडून बाहेर काढली की तिचं अंग खरबरीत असतं. ते आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने घासत बसायचं, गालावरून फिरावं तसं बोट फिरलं पाहिजे इतकं. आणि चौथ्या आत्या, सासऱ्यांच्या मोठ्या बहीण. ही गोष्ट त्यांची आहे. मी मध्ये येते, कारण घोळ मी घातला.

आत्या अडुसष्ट वर्षांच्या. अंगाने काडी, जिभेने सुरी. लग्न होऊन गेल्या आणि दोन वर्षांत परत आल्या. का परत आल्या, हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी मला भांडी घासायला पाठवलं. परत आल्यावर त्या आईच्या हाताखाली बसल्या, आई गेल्यावर आईच्या जागेवर. चाळीस वर्षं एकच काम: मूर्तीचं पोट भरायचं. आणि चाळीस वर्षं रोज जेवण झालं की चष्मा लावून तासभर पेपर उघडून बसायचं. त्या तासात घरात कुणी हूं की चूं करायचं नाही.

मला त्यांनी नाव ठेवलं होतं, प्रश्नपत्रिका. मी जिना उतरले की आतून आवाज यायचा, "आली बघा प्रश्नपत्रिका." मग मीही कशाला सोडते!

"बाबा, ह्या बुद्धाचा उजवा हात जमिनीला का टेकलाय?"

"साक्षीला बोलावतोय जमिनीला," सासरे कानस न थांबवता सांगायचे. "तू इथे बसायला लायक आहेस याला पुरावा काय, असं कुणी विचारलं, तर हा बोलला नाही. नुसता हात टेकला."

"आणि कान एवढे लांब?"

"राजवाड्यातली जड कुंडलं घालून ओघळले. कुंडलं टाकून दिली, कान तसेच राहिले."

"मग कुंडलं नसताना आपण..."

"तुला मूर्ती घासायची आहे की तिची मुलाखत घ्यायची आहे?" हे नवऱ्याचं. त्याला भट्टीशिवाय कशात गोडी नाही.

पण पोटाबद्दल विचारलं की सगळे एकदम मुके. शेवटी आत्यांनीच थोडं सांगितलं, तेही वैतागून. "पोकळ मूर्ती म्हणजे भांडं. भांड्याला कुणी हात जोडतं का? आत काहीतरी पाहिजे." काहीतरी म्हणजे मंत्र छापलेल्या कागदाच्या लांब पट्ट्या. त्यांच्या घट्ट सुरळ्या वळायच्या, बोटाएवढ्या, आणि दोऱ्याने बांधायच्या. मूर्तीच्या मधोमध एक लाकडी काठी उभी राहते, तिला आम्ही कणा म्हणतो. कण्याभोवती सुरळ्या रचायच्या. डोक्यासाठीच्या वेगळ्या, गळ्यासाठीच्या वेगळ्या, हृदयाच्या आणि बेंबीच्या वेगळ्या. फटींमध्ये चंदनाची पूड आणि धान्य. मग सासरे तळाला तांब्याचा पत्रा बसवतात, छोट्या छिन्नीने त्याचा काठ ठोकून पक्का करतात, वरून सोन्याचा मुलामा. एकदा बंद केलेली मूर्ती कुणी उघडत नाही.

यात मुख्य नेम एकच. सुरळी सुलटी गेली पाहिजे, अक्षरांचं डोकं मूर्तीच्या डोक्याकडे. "तुला घरात उलटं टांगून ठेवलं तर चालेल का?" आत्या विचारायच्या. ओळखायला पट्टीच्या वरच्या काठाला लाल रेघ असते, त्यामुळे वळलेल्या सुरळीचं एक टोक लाल दिसतं. रंग कच्चा, जोरात दाबलं की बोटाला लागतो. मूर्ती भरताना ती पालथी धरतात, दोन गुडघ्यांमध्ये. लाल टोक आत, साधं टोक बाहेर, आणि साध्या टोकावर अंगठा दाबून सुरळी सरकवायची. आत्यांचे डोळे मूर्तीवर असायचे आणि उजवा हात न बघता शेजारच्या तबकातून सुरळ्या उचलायचा. तबकात सगळी लाल टोकं डाव्या बाजूला, एका ओळीत. म्हणून त्या तबकाला आमच्यापैकी कुणीही हात लावायचा नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला सासऱ्यांनी हे बजावलं होतं. बाकी काहीच बजावलं नव्हतं, हे विशेष.

गेल्या वर्षी आत्यांच्या हातून धान्याची वाटी सांडली. एवढंसं निमित्त. पण सासरे म्हणाले, "ताई, आता पुरे. हात साथ देत नाहीत तुझे."

आत्यांनी खाली सांडलेला दाणा न् दाणा वेचला आणि मगच तोंड उघडलं. "वाटी सांडली, सुरळी नाही. ज्या दिवशी माझ्या हातून एक सुरळी चुकीची जाईल ना, त्या दिवशी मी माझी माझी उठेन. तुला सांगायची वेळ येणार नाही."

सासऱ्यांनी विषय तिथेच सोडला. पण तेव्हापासून आत्या जास्तच ताठ बसायला लागल्या. ती खोली, ते बसकं स्टूल आणि ते तबक सोडलं, तर त्यांचं स्वतःचं म्हणावं असं घरात दुसरं काय होतं?

अशात भिक्षुणींच्या एका मठाचं काम आलं. बौद्धांच्या तारा देवीची मूर्ती, दोन फूट उंच. घासायला माझ्याकडे महिनाभर होती आणि मी तिच्या प्रेमातच पडले. डावा पाय मांडी घातल्यासारखा दुमडलेला, डाव्या हातात कमळाचा देठ. उजवा हात गुडघ्यावर, तळवा समोर, काहीतरी देत असल्यासारखा. आणि उजवा पाय बैठकीच्या बाहेर, खाली टेकलेला.

"बाबा, हिचा एकच पाय बाहेर का?"

"कारण ही बसलेली आहे, पण निघालेली आहे."

"कुठे?"

"ते तिला विचार," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. हे असं अर्धवट सांगतात आणि मग म्हणतात हिला खोड आहे.

ज्या दिवशी तारा भरायची होती, त्या दिवशी दुपारी मीच मूर्ती उचलून आत्यांच्या खोलीत नेली. नाकातोंडाला फडकं बांधून त्या बसल्याच होत्या. तबक मांडून तयार. तेवढ्यात चंदनाची पूड घेऊन दुकानदार दारात आला आणि ओरडायला लागला. आत्यांनी फडकं काढलं, मला म्हणाल्या, "मूर्तीला धर, पडेल," आणि गेल्या.

मी मूर्तीला धरलं. एका हाताने. दुसरा हात तबकाकडे गेला, आता खोटं कशाला बोलू? तिसऱ्या रांगेतली एक सुरळी उचलली, दोरा सोडला, चार बोटं उलगडली. आत बारीक बारीक अक्षरं, मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशी, आणि कुठल्या तरी परक्या लिपीतली. एक अक्षर लागेल तर शपथ! इतकी हिंमत केली आणि हाती भोपळा. तेवढ्यात चपला वाजल्या. मी भराभर सुरळी गुंडाळली, दोरा बांधला आणि तबकात ठेवून दिली. लाल टोक कुठल्या बाजूला गेलं, ते बघितलंच नाही.

संध्याकाळपर्यंत तारा भरून झाली. पत्राही बसला, मुलामाही झाला. मी नळावर हात धूत होते, शेजारी आत्या. त्या हात धुता धुता थांबल्या आणि उजवा अंगठा उजेडात धरून बघायला लागल्या.

"आज मी कुठे रंगाला हात लावला होता का गं?"

अंगठ्याच्या पोटावर लाल डाग होता, वाटाण्याएवढा.

"नाही," मी म्हटलं. अंगठ्याला लाल लागलं याचा अर्थ अंगठा लाल टोकावर पडला होता. म्हणजे एक सुरळी उलटी गेली होती. ती कुठली आणि कुणामुळे, हे जगात फक्त मला माहीत होतं.

त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. मला एकदाही टोकलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी सांगते, सकाळी नक्की सांगते, असं मी स्वतःला समजावत राहिले. भित्रट कुठली.

सकाळी चहा पुढे आला आणि माझ्याआधी त्याच बोलल्या. "एक उलटी गेली."

सासऱ्यांचा कप अर्ध्यावर थांबला. "कशावरून?"

"अंगठ्यावरून."

"रंग ओला राहिला असेल."

"चाळीस वर्षांत राहिला नाही, तो कालच राहिला? आतापर्यंत एकदासुद्धा लागलेला नाही. मी बोलले होते तुला. उठते मी. पण आधी मूर्ती उघड."

"ताई, दहा वाजता मठातल्या माई येतील न्यायला. पत्रा बसलाय. उघडायची म्हटलं तर काठाचा मुलामा गेला, पत्रा वाकला, चार दिवस गेले. तुला उठायचं असेल तर ऊठ, मी अडवणार नाही. मीच म्हटलं होतं विश्रांती घे. पण मूर्ती आहे तशी जाईल. आत कोण बघायला जातंय?"

"मी बघितलंय की," आत्या म्हणाल्या आणि अंगठा पुढे धरला. डाग आता फिका झाला होता.

मी चहात बघत बसले. नवरा हळूच म्हणाला, "तुला बरं नाही का? अजून एक प्रश्न नाही तुझा?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा भट्टीवर निघून गेला.

माई दहाला पाच कमी असतानाच आल्या. बुटक्या, गुबगुबीत, डोक्याचा गोटा केलेला, खांद्याला कापडी पिशवी, आणि आल्यापासून हसतच होत्या. "वर्षभर रिकाम्या चौथऱ्याला हात जोडतोय आम्ही," त्या म्हणाल्या. "बघू, बघू आमची बाई!" तारेभोवती त्या लहान मुलीसारख्या फिरल्या आणि बाहेर आलेल्या पायाला दोन बोटांनी हात लावला. सासरे पेटीत मऊ कापड अंथरत होते.

आणि आत्या आल्या. हातात घडी घातलेलं फडकं, दोऱ्याचं रीळ, धान्याची वाटी आणि रिकामं तबक. सगळं त्यांनी सासऱ्यांच्या पाटावर ठेवलं. ठेवलं आणि तबकाची कड उगाच सरळ केली.

ती कड सरळ करणं माझ्याच्याने बघवलं नाही.

"आत्यांची चूक नाही," मी म्हटलं. आवाज वाटलं होतं त्याच्यापेक्षा मोठा आला. "मी उचलली होती सुरळी. आत काय लिहिलंय ते बघायला. परत ठेवताना उलटी ठेवली. आत्यांना काय माहीत? त्यांनी नेहमीसारखी उचलली."

भट्टीच्या दारातून नवरा "झालं कल्याण" एवढंच म्हणाला.

सासरे लाल झाले. "तीन वर्षांत एक, एक गोष्ट सांगितली होती तुला! आणि सकाळपासून तोंड शिवून बसलीस? बाई उठली असती ना कामावरून!"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडू यायला लागलं, ते आलं.

"उघडा मूर्ती," माई शांतपणे म्हणाल्या.

"माई, चार दिवस..."

"वर्ष थांबलो. चार दिवसांत कुठे पळून जातोय चौथरा?"

सासऱ्यांनी तारा पालथी केली आणि छिन्नी घेतली. टक, टक, टक. सोनेरी काठ उचकटला जाताना मला माझीच कातडी सोलल्यासारखं वाटत होतं. पत्रा निघाला. आत्यांनी फडकं पुन्हा तोंडाला बांधलं, खाली बसल्या आणि एकेक सुरळी बाहेर काढून तबकात ठेवू लागल्या. साधं टोक, साधं टोक, साधं टोक. हृदयाच्या रांगेत एक लाल टोक आमच्याकडे बघत होतं.

आत्यांनी ती काढली आणि दोन बोटांत फिरवली. "हा माझा पीळ नाही. ढिली आहे." मग माझ्याकडे वळल्या. "हाताला पीळ नाही आणि चालली मंत्र वाचायला!"

"चुकलं माझं, आत्या."

"चुकलंच. ते नंतर बघते." त्यांनी फडकं खाली ओढलं. आवाज एकदम खाली आला. "वाचलंस ना पण? काय लिहिलंय गं आत?"

मी डोळे पुसता पुसता थांबले. "मला ती लिपी येत नाही, आत्या. तुम्हाला माहीत असेल ना?"

"मला कुठलीच लिपी येत नाही," आत्या म्हणाल्या.

"आणि रोजचा पेपर?"

"फोटो असतात की त्यात." मग त्यांनी भावाकडे हनुवटी केली. "ह्याला कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत जायची मी. हा आत गेला, मी घरी आले. घरी दुसरं कोण होतं सांभाळायला? त्यात काय एवढं." पण ते म्हणताना त्यांनी सुरळी मुठीत घट्ट धरली होती.

चाळीस वर्षं ही बाई त्या सुरळ्या वळत होती. मला तीन वर्षं दम निघाला नाही, आणि हिला चाळीस वर्षं तोच प्रश्न पडला होता आणि हिने कधी एक दोरा सोडला नव्हता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही.

"द्या इकडे," माई म्हणाल्या. त्या आत्यांच्या शेजारी फरशीवरच बसल्या, सुरळी उलगडली आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून वाचली. "हिचं नाव आहे."

"आणि पुढे?"

"पुढेही नाव. हाक मारलीय. नाव घ्यायचं आणि म्हणायचं, लवकर ये. परत नाव. परत नाव. पट्टी संपेपर्यंत."

"एवढंच?" आत्यांचं तोंड उघडंच राहिलं. "मला वाटायचं केवढं मोठं पुराण आहे!"

"एवढंच. हाक ऐकू आली की उठता यावं, म्हणून तर तिने पाय बाहेर ठेवलाय."

आत्यांनी आधी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिळालं उत्तर, प्रश्नपत्रिका?" आणि त्या हसायला लागल्या. माईही हसायला लागल्या. हसता हसता माईंनी पट्टीच्या काठावर बोट ठेवलं.

"ही लाल रेघ कशाला पण? आमच्याकडे पट्ट्या भरतात, त्यांना कुठे नसते. डोकं कुठे, पाय कुठे, ते अक्षरांवरून कळतंच की."

"छापखान्यातूनच तशी येते," आत्या म्हणाल्या.

सासरे छिन्नी पुसत होते. आधीच पुसलेली छिन्नी ते पुन्हा पुसायला लागले.

आत्यांनी वर बघितलं. "येते ना रे? छापखान्यातून?"

"छापखान्याला काय कळतंय," सासरे म्हणाले, छिन्नीकडे बघत.

मग मला आठवलं. त्यांच्या खणात एक जुना कुंचला असायचा आणि लाल रंगाची बाटली. कशाला लागते म्हणून मी एकदा विचारलंही होतं आणि मला भांडी घासायला पाठवण्यात आलं होतं. पट्ट्यांचा गठ्ठा आला की दार लोटून ते तास-तासभर बसायचे. चाळीस वर्षं. बहिणीला एकदाही विचारायला लागू नये, कुणासमोर "यातलं वर कुठलं रे" असं म्हणायला लागू नये, म्हणून.

पाटावरचं तबक आत्यांनी स्वतःच उचलून मांडीवर घेतलं.

"मी उठणार म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"तुझी कुठे चुकली? बस तशीच," सासरे म्हणाले. "आणि हिला बसव शेजारी. वळायला शिकव. हात रिकामे राहिले की हिच्या डोक्यात किडे वळवळतात."

चार दिवसांनी माई पुन्हा आल्या आणि तारा घेऊन गेल्या. ती एक सुरळी आत्यांनी परत वळली होती, माझ्यासमोर, त्यांच्या पिळाची. त्याआधी माईंकडून त्यांनी नावाचं पहिलं अक्षर कुठलं ते विचारून घेतलं होतं.

आता मी सुरळ्या वळते. संध्याकाळी नळावर गेले की पाठीमागून आवाज येतो, "अंगठा दाखव." मी दाखवते. आतापर्यंत स्वच्छ आहे.

परवा नवीन गठ्ठा आला. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे दार लोटून घेतलं. मला राहवेना. एक जुनी, रेघ नसलेली पट्टी मिळाली होती, ती मी आत्यांपुढे मुद्दाम उलटी धरली. त्यांनी क्षणभर बघितलं, माझ्या हातातून काढून घेतली आणि सुलटी करून परत दिली.

"म्हणजे तुम्हाला आता कळतं!" मी म्हटलं. "मग रेघ कशाला हवी? बाबांना सांगू का?"

"खबरदार," आत्या म्हणाल्या आणि लोटलेल्या दाराकडे बघून आवाज खाली केला. "काही सांगायचं नाही त्याला. ओढू दे."